डागडुजीच्या दिवसांत मूर्तीची राखण

दिवाळी आठ-पंधरा दिवसांवर आली की वऱ्हाडातील घराघरांतून रंगसफेदीची धांदल सुरू होते. चुन्याच्या बादल्या येतात, शिड्या लागतात, फडताळे रिकामी होतात. परंतु भिंतीला पहिला कुंचला लागण्यापूर्वी घरातील वडीलधारी बाई एक काम कधीही विसरत नाही. ती देव्हाऱ्यातील देव ताम्हनात काढून घेते, त्यांवर धूतवस्त्र घालते आणि ते ताम्हन दुसऱ्या खोलीत पाटावर नेऊन ठेवते. रंगाऱ्याने कितीही घाई केली तरी देव हलल्यावाचून तिच्या घरात शिडी उभी राहत नाही. जिला धक्का लागून चालणार नाही ती वस्तू आधी सुरक्षित करावी आणि मग कामास हात घालावा, हा नियम तिला कोणी पुस्तकातून शिकविलेला नसतो.

श्रोतेहो, घरात इतक्या सहजपणे पाळला जाणारा हा नियम सार्वजनिक जीवनात मात्र वारंवार मोडला जातो. घरचे देव वीतभर उंचीचे. ते ताम्हनात मावतात. गावचा देव, वेशीच्या कमानीवरील शिल्प, चौकातील पुतळा, ह्यांना उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. शिवाय घरच्या देवांना राखणारी एक बाई असते. गावच्या शिल्पाला राखणारे सगळे गाव असते आणि म्हणूनच पुष्कळदा कोणीच नसते. इमारतीची डागडुजी निघते, परांच्या बांधल्या जातात, पाथरवट व गवंडी कामाला लागतात, आणि काम पुरे होऊन परांच्या उतरल्यावर कोणाच्या तरी ध्यानात येते की सिंहाचा कान उडाला आहे किंवा अप्सरेची बोटे दिसत नाहीत. हे कोणी द्वेषाने केलेले नसते. इमारत सुधारावी ह्या सद्‌हेतूनेच सारे चाललेले असते, आणि हीच ह्या विषयातील दुःखाची गोष्ट आहे.

परतवाड्याच्या माणसाला ह्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास गेले म्हणजे जवळच गाविलगडाची तटबंदी दिसू लागते. ह्या गडाच्या दिल्ली दरवाजावर दगडात कोरलेली शिल्पे आहेत. त्यांत सिंह आहेत आणि गंडभेरुंड हा दोन मुखांचा कल्पित पक्षीही आहे. गंडभेरुंड हे विजयनगरकडील राजचिन्ह. ते सातपुड्याच्या कड्यावर कसे आले, ह्याचा उलगडा इतिहासकार असा करतात की, वऱ्हाडात इमादशाही स्थापन करणारा फतेउल्ला इमाद-उल-मुल्क हा जन्माने विजयनगरकडील होता; त्याने १४८८ साली ह्या गडाची मोठी दुरुस्ती केली आणि आपल्या मूळ देशाची खूण दरवाजावर कोरविली. म्हणजे ही शिल्पे एका दुरुस्तीतूनच जन्मास आली. पुढे १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तोफांनी तट फोडून हा गड घेतला, आणि १८५८ साली त्याची तटबंदी निकामी करण्यात आली. इतके होऊनही तो पक्षी आपल्या जागी आहे.

ह्या शिल्पांविषयी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ती भिंतीला टांगलेली चित्रे नव्हेत. ती भिंतीचाच भाग आहेत. ज्या चिऱ्यावर पक्षी कोरला आहे तोच चिरा वरच्या चिऱ्यांचा भार वाहतो. भिंतीतून पाणी झिरपले तर ते ह्याच चिऱ्यातून बाहेर येणार. मागची भर ढासळली तर हाच चिरा पुढे सरकणार. म्हणून भिंत दुरुस्त करावयाची नाही असे म्हणता येत नाही, कारण भिंत गेली तर शिल्पही गेले. आणि भिंत दुरुस्त करावयाची तर शिल्पाच्या चार बोटांवर हातोडी चालवावी लागणार. जगातील प्रत्येक जुन्या शिल्पापुढे हा पेच केव्हा ना केव्हा उभा राहतो. तो कसा सोडवावा ह्याचा एक मोठा धडा महाराष्ट्राने २०२४ साली पंढरपुरात पाहिला.

वऱ्हाडाचे पंढरपूरशी नाते केवळ वारीचे नाही, ते सोयरिकीचेही आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते, आणि तेथून रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी आषाढीला पंढरपुरास जाते. ही परंपरा १५९४ पासूनची सांगतात. तेव्हा पंढरीच्या देवळात काय चालले आहे ह्याकडे वऱ्हाडी माणसाचे लक्ष असणे साहजिक आहे.

विटेवर उभी असलेली विठ्ठलाची मूर्ती भक्तांच्या दृष्टीने साक्षात देव आहे. परंतु ती पाषाणाची आहे आणि पाषाणाचे नियम तिलाही लागू आहेत. तो पाषाण वालुकामय म्हणून ओळखला जातो, म्हणजे काळ्या फत्तरासारखा कठीण नव्हे. पंढरपूरची रीत अशी की भक्ताने देवाच्या पायांवर डोके टेकवावयाचे. लक्षावधी कपाळे आणि लक्षावधी हात वर्षानुवर्षे त्याच दोन पावलांना लागत आले. त्यात दूध-दह्याच्या अभिषेकाची भर पडली. एका स्पर्शाने काहीच झिजत नाही. पण शाळेच्या पायरीचा दगड मुलांच्या अनवाणी पायांनीही मध्ये खोलगट होतो, तसेच हे आहे. मूर्तीची झीज थांबविण्यासाठी १९८८, २००५, २०१२ आणि २०२० साली तिच्यावर संरक्षक लेप देण्यात आले. लोक त्याला वज्रलेप म्हणतात. एवढ्या थोड्या वर्षांत चार वेळा लेप द्यावा लागला, ह्यावरूनच तो पाषाण किती नाजूक झाला आहे ह्याची कल्पना यावी.

अशा स्थितीत मंदिराच्या जीर्णोद्धाराची योजना आली. मंदिराला त्याचे जुने दगडी रूप परत मिळवून द्यावे, मागाहून चढविलेल्या फरश्या आणि रंगाचे थर काढून टाकावे, गळती थांबवावी, असा हा सुमारे ७३ कोटी रुपयांचा आराखडा होता, आणि त्यात पुरातत्त्व विभागाची देखरेख होती. हे काम गाभाऱ्यापर्यंत जाणार होते. गाभारा ही जागा केवढी? चार माणसे दाटीने उभी राहतील एवढी. तेथे घट्ट बसलेली फरशी उखडावयाची म्हणजे छिन्नी चालणार, कपच्या उडणार, धूळ कोंडणार; आणि मूर्ती तर तेथेच, हाताच्या अंतरावर.

मूर्ती हलवावी काय? पूर्वी आक्रमणाचे भय असता मूर्ती जवळच्या देगावी नेऊन ठेवली होती, अशी परंपरा आहे. परंतु त्या काळी समोर जे संकट होते त्यापुढे हलविण्यातला धोका लहान होता. डागडुजीच्या वेळी हिशेब उलटा असतो. दगड हा दाबाखाली भक्कम, पण ताणाखाली दुबळा. उभी मूर्ती आपला भार सरळ खाली जमिनीला देत शेकडो वर्षे उभी राहते. तीच आडवी केली, एका बाजूने उचलली किंवा दोरखंडाचा ताण एकाच ठिकाणी पडला, की आतली न दिसणारी भेग उघडते. त्यातून घोटा हा उभ्या मूर्तीचा सर्वांत बारीक आणि सर्वांत भार सोसणारा भाग. म्हणून जाणत्यांचा नियम असा आहे की हलविणे हा शेवटचा उपाय. त्याआधीचे सारे उपाय जागच्या जागी करावे.

पंढरपुरात तेच केले गेले. १५ मार्च २०२४ पासून पायांवर डोके ठेवून घ्यावयाचे दर्शन बंद करण्यात आले. भक्तांना सकाळच्या ठराविक वेळी दुरून मुखदर्शन तेवढे खुले राहिले. गाभाऱ्यातील कामाच्या काळात मूर्तीभोवती न फुटणाऱ्या काचेचे आवरण उभारण्यात आले, म्हणजे कपची उडाली तरी ती काचेवर आदळावी, धूळ उडाली तरी ती काचेबाहेर राहावी. खांबांवरील आणि दारांवरील चांदी आधी उतरविली गेली, मग दगडाला हात लागला. नित्योपचार चालू राहिले. मध्ये चैत्री वारी आली. त्या वारीलाही भक्तांना देवाचे पाय शिवता आले नाहीत. अखेर २ जून २०२४ रोजी पदस्पर्श दर्शन पुन्हा सुरू झाले, म्हणजे १७ जुलैच्या आषाढी एकादशीपूर्वी दीड महिना.

अडीच महिन्यांहून अधिक काळ! हे शब्द उच्चारावयास सोपे आहेत. परंतु मेळघाटच्या पायथ्याशी राहणारा एखादा वृद्ध शेतकरी, जो आयुष्यात एकदाच पंढरीस जावे म्हणून पै-पैसा साठवून चैत्रात निघाला, त्याला दारातून केवळ मुख पाहून परत फिरावे लागले असेल तर त्याच्या मनाला काय वाटले असेल, ह्याचा विचार केला पाहिजे. रक्षणाची किंमत रुपयांत सांगतात ती खरी नव्हे. ती किंमत त्या शेतकऱ्याने दिली. हे दर्शन बंद ठेवावयास नको होते, असे म्हणणारेही होतेच, आणि त्यांच्या म्हणण्यात भक्तीचा जिव्हाळा होता हे नाकारता येणार नाही. परंतु ज्या पावलांवर डोके ठेवावयाचे ती पावले पुढच्या पिढ्यांसाठी शिल्लक राहिली पाहिजेत, हेही भक्तीचेच म्हणणे आहे. आपल्या प्रिय वस्तूपासून काही काळ दूर उभे राहण्याचा संयम, हेच संरक्षणाचे पहिले साधन होय. काच त्यानंतर येते.

ह्या कामात आणखी एक गोष्ट घडली तीही बोधप्रद आहे. मे महिन्याच्या अखेरीस हनुमान दरवाजाजवळ फरशीखाली एक लहानसे तळघर सापडले आणि त्यात जुन्या दगडी मूर्ती मिळाल्या. पायाखालच्या जमिनीत असे काही असेल, ह्याची रोज तिच्यावरून जाणाऱ्यांना कल्पना नव्हती. जुन्या वास्तूत दिसणाऱ्या शिल्पाइतकीच न दिसणाऱ्याचीही काळजी घ्यावी लागते ती ह्यासाठी. तेथे यंत्राने धडाधड उकरून चालत नाही. चिरा हाताने सैल करावा, खाली पोकळ आवाज येतो काय हे पाहावे आणि मग तो उचलावा, हीच रीत.

आता डागडुजीच्या दिवसांत शिल्पावर कोणकोणती संकटे येतात आणि त्यांवर उपाय काय, ह्याचा क्रमाने विचार करू. मुख्य संकटे चार आहेत: पडणारी वस्तू, हादरा, धूळ आणि ओल.

पहिले संकट सर्वांना कळते. परांचीवरून हातोडी निसटते, फळी घसरते, चुन्याचे घमेले पडते. ह्यावर उपाय म्हणजे शिल्पाभोवती लाकडाचा भक्कम सांगाडा आणि वर तिरपे छप्पर. मात्र तो सांगाडा स्वतःच्या पायावर उभा असला पाहिजे. त्याचा एकही वासा शिल्पाला टेकता कामा नये, आणि परांचीची दोरी शिल्पाच्या हाताला किंवा कमानीच्या नक्षीला बांधणे तर सर्वथा वर्ज्य. पुष्कळ ठिकाणी संरक्षणासाठी बांधलेल्या वाशानेच शिल्प फोडले आहे.

दुसरे संकट हादऱ्याचे. ते डोळ्यांना दिसत नाही. उखळात कांडण चालू असता फळीवरील भांडी सरकत सरकत काठाशी येतात, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. कोणी भांड्यांना हात लावलेला नसतो. हादरा जमिनीतून आणि भिंतीतून तेथवर पोहोचलेला असतो. दगड फोडणारे यांत्रिक घण व भोके पाडणारी यंत्रे ह्यांचे असेच आहे. म्हणून शिल्पाच्या जवळचे काम हातछिन्नीने करावे, यंत्रे दूर ठेवावी, आणि भिंतीवर आधीच भेग असेल तर तिच्या आडवी काचेची एक बारीक पट्टी दोन्ही टोकांना पक्की बसवून तिच्यावर तारीख लिहावी. भेग केसभर हलली तरी ती पट्टी तडकते. मग गवंड्याने काम थांबवावे आणि इंजिनियरास बोलवावे. चार आण्यांच्या काचेने हजारो रुपयांचा पहारा होतो तो असा.

तिसरे संकट धुळीचे. दगडाची बारीक भुकटी कोरीव कामाच्या खाचांत जाऊन बसते. तिच्यावर पाणी पडले की ती सिमेंटसारखी घट्ट होते. मग ती काढण्यासाठी कोणी तारेचा ब्रश घेतो, कोणी आम्ल ओततो, आणि पाच शतकांत जे झिजले नाही ते एका दुपारी झिजते. धूळ आत जाऊच देऊ नये आणि गेलीच तर मऊ केसांच्या कुंचल्याने ती कोरडीच झाडावी. अधिक साफसफाईचे काम तज्ज्ञाचे आहे, हौशी स्वयंसेवकाचे नव्हे.

चौथे संकट ओलीचे, आणि ते सर्वांत कपटी आहे. कामाच्या वेळी शिल्पाला प्लॅस्टिकच्या कापडात घट्ट गुंडाळावे, असे कोणालाही सुचेल. परंतु गरम पोळ्या डब्यात झाकून ठेवल्या तर झाकणाला आतून पाणी सुटते. तसेच गुंडाळलेल्या शिल्पालाही घाम सुटतो आणि दगड आत कुजल्यासारखा होतो. म्हणून शिल्पाला लागून हवा खेळेल असे सुती कापड, मग मध्ये मोकळी जागा आणि त्यापलीकडे पाऊस अडविणारे आवरण, अशी रचना हवी.

ओलीबरोबर येते ते मीठ. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील लोकांना हे सांगावयास नको. भिंतीला लोणा लागला म्हणजे तिचे पोपडे कसे सुटतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले आहे. पाण्यात विरघळलेले क्षार भिंतीतून पृष्ठभागाशी येतात. पाणी उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात. त्यांच्या दाबाने दगडाची वरची कातडी सुटते. शिल्पाचे सारे सौंदर्य त्या वरच्या कातडीतच असते. आता जुन्या चुन्याच्या दरजांतून भिंतीतील ओल बाहेर जात असते. दुरुस्ती करणाऱ्याने त्या दरजा सिमेंटने बुजविल्या की ओलीचा तो मार्ग बंद होतो. ती मग कोरीव चिऱ्यातून वाट काढते. शिवाय सिमेंट स्वतःचे क्षारही बरोबर आणते. भिंत तर भक्कम दिसते आणि शिल्प मात्र दहा-वीस वर्षांत पोपड्यापोपड्यांनी गळून जाते. अपघात झाला असे कोणी म्हणत नाही, कारण त्या दिवशी काहीच पडलेले नसते. जुन्या चुनेबांधणीला चुनाच वापरावा, असा आग्रह जाणकार धरतात तो जुन्याच्या अंध प्रेमाने नव्हे, ह्या कारणासाठी.

तैलरंगाचे वागणेही असेच आहे. दगड मळलेला दिसतो म्हणून त्यावर रंगाचा हात फिरवावयाचा, ही खोड आपल्याकडे फार. मुंबईचे फ्लोरा फाउंटन हे १८६४ सालचे कारंजे. नॉर्मन शॉ ह्याच्या आराखड्यावरून जेम्स फोर्सिथ ह्या शिल्पकाराने ते पोर्टलंडच्या दगडात घडविले. पुढे त्यावर रंगाचे थरावर थर चढत गेले आणि फ्लोरा देवीचा चेहरामोहरा त्याखाली बोथट झाला. ते थर काढून, दगड दुरुस्त करून, २०१९ साली ते कारंजे पुन्हा लोकांपुढे आले. रंग लावण्यास एक दिवस पुरतो. काढण्यास महिने लागतात.

परदेशांतही ह्या कामी पुष्कळ बुद्धी खर्ची पडली आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्लॉरेन्स शहरी मायकेलअँजेलोचा दाविदाचा पुतळा हलविण्याऐवजी त्याच्याभोवती विटांचे घुमटाकार आवरण बांधून टाकले होते. त्याहून मोठे उदाहरण इजिप्तचे. आस्वानच्या नव्या धरणाच्या पाण्यात अबू सिंबेलची देवळे बुडणार म्हणून १९६४ ते १९६८ ह्या काळात ती कापून सुमारे ६५ मीटर उंच जागी नेऊन पुन्हा उभारली गेली. तेथे राजा रामसेसचे चार बैठे पुतळे प्रत्येकी सुमारे २० मीटर उंचीचे, आणि त्यांच्या माथ्यावर डोंगराचा कडा. तो कडा आधी फोडून काढल्यावाचून पुतळ्यांना हात लावता येत नव्हता. वरून शिळा कोसळल्या तर पुतळ्यांचे काय? तेव्हा त्या महाकाय पुतळ्यांना वाळूच्या ढिगाऱ्यात गाडण्यात आले. जी वाळू शतकानुशतके त्यांवर साचून त्यांना राखीत आली होती, तिलाच पुन्हा राखणीस बोलाविले. कडा निघाला, वाळू उपसली, आणि मग पुतळ्यांचे काम सुरू झाले. साधन किती साधे! परंतु ते कामाच्या आधी योजले होते, हे महत्त्वाचे.

ह्या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट निघते. शिल्पाचे रक्षण काम चालू असता होत नाही. ते काम सुरू होण्यापूर्वी होते. पहिली छिन्नी चालण्याआधी शिल्पाची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली आहेत काय, त्याची मापे आणि जुन्या भेगा नोंदविल्या आहेत काय, आवरण कसे बांधावयाचे हे ठरले आहे काय, ठेकेदाराच्या करारात त्याचा खर्च निराळा धरला आहे काय, आणि काही बिघडल्यास काम थांबविण्याचा अधिकार असलेला एक माणूस नेमला आहे काय, ह्या पाच प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर अर्धे संकट टळले. खर्च निराळा धरला नाही तर आवरणाच्या पैशाची बचत हाच ठेकेदाराचा नफा ठरतो. आणि जबाबदारी पाचजणांवर असली की ती कोणावरच नसते.

कायदा ह्या बाबतीत अगदीच मुका नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम मना केले असून त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीचे बंधन घातले आहे. महाराष्ट्राचाही १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. परंतु कायद्याच्या यादीत मोठमोठी स्मारके येतात. अचलपूर-परतवाड्यासारख्या जोडगावात जुन्या देवळाच्या ओवरीतील वीरगळ, बारवेच्या कोनाड्यातील देवता, शाळेच्या आवारातील एखाद्या देशभक्ताचा अर्धपुतळा, ह्यांचे नाव कोणत्या यादीत असणार? त्यांची यादी गावानेच करावयाची असते.

समजा, अशाच एखाद्या शाळेची कौले काढून पक्के छत घालावयाचे ठरले. दाराशी प्लॅस्टरचा एक जुना अर्धपुतळा आहे. पावसाळी हवेने त्याच्या मानेपाशी बारीक भेग गेली आहे. मुख्याध्यापकाने पहिल्या दिवशी त्याचे चारी बाजूंनी छायाचित्र काढवावे. सुताराकडून फळ्यांची एक पेटी करवून, आत मऊ कापडाचा पडदा सोडून आणि हवेला फटी ठेवून, ती पुतळ्याभोवती उभी करावी. पेटीवर आत काय आहे हे ठळक अक्षरांत लिहावे, म्हणजे कोणी तिच्यावर सिमेंटचे पोते ठेवणार नाही. वरच्या वर्गातील दोन मुलांना दर आठवड्यास भेग मोजून वहीत नोंदविण्यास सांगावे. ह्यात अवघड असे काय आहे? खर्च दोन-चार फळ्यांचा. परंतु त्या मुलांना जो धडा मिळेल तो इतिहासाच्या पुस्तकातील कोणत्याही धड्याहून अधिक काळ टिकेल. आपल्या हाताने ज्याची राखण केली त्यावर मोठेपणी कोणी नाव कोरून ठेवीत नाही.

कामकरी माणसाविषयीही एक शब्द सांगणे अवश्य आहे. शिल्पाला इजा झाली की सारा दोष गवंड्यावर आणि मजुरावर येतो. परंतु त्याला कोणी सांगितलेले असते काय की हा चिरा निराळा आहे? त्याच्या दृष्टीने तो भिंतीतील शेकडो चिऱ्यांपैकी एक. पाथरवटाच्या पूर्वजांनीच ही शिल्पे घडविली. दगडाची नस त्याला पंडितांहून अधिक कळते. कामाच्या आरंभी त्याला शिल्पापुढे उभे करून, हे काय आहे, केव्हाचे आहे आणि का जपावयाचे, हे एकदा समजावून सांगितले तर त्याच्यासारखा दक्ष पहारेकरी दुसरा मिळणार नाही. वस्तूची ओळख पटली की हात आपोआप हळू चालतो.

गाविलगडाच्या दरवाजावरील गंडभेरुंडाने तोफांचा मारा सोसला, ऊन, पाऊस आणि ओसाडी सोसली. उद्या त्या तटाची दुरुस्ती निघेल तेव्हा तो पक्षी हितचिंतकांच्या हाती सापडेल. त्या दिवशी त्याच्यासमोर आधी सांगाडा उभा राहतो की आधी परांची, आधी छायाचित्र निघते की आधी हातोडी, ह्यावर पुढील शतकांतील वऱ्हाडी मुलांना तो दिसणार की नाही हे ठरेल.

पंढरीच्या दारातून २०२४ च्या चैत्रात मुखदर्शन घेऊन परतलेल्या वारकऱ्याच्या हाताला देवाचे पाय लागले नाहीत. परंतु त्याचा नातू कधीतरी त्या पावलांवर डोके ठेवील, तेव्हा त्या नातवाच्या कपाळाखाली जो पाषाण असेल त्यात आजोबांच्या त्या रिकाम्या हाताचा वाटा असेल. दिवाळीच्या रंगसफेदीआधी देव ताम्हनात काढणाऱ्या बाईला हे कोणी समजावून सांगावयास नको. तिची ती सवय देव्हाऱ्यापासून चौकापर्यंत आणि चौकापासून गडापर्यंत पोहोचावी, एवढीच अपेक्षा.